प्लग काळे झालेत

आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात कुणालाही विचारा, रोकडे कुठे राहतात, की उलट प्रश्न येईल, कोणते, प्लगवाले का? हो, तेच. प्लगवाले रोकडे म्हणजे माझे मिस्टर, बबन रोकडे. अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला क्लार्क. गाडीच्या इंजिनशी यांचा नोकरीत काडीचा संबंध नाही. रंगाचे डबे ट्रकमध्ये चढवून घ्यायचे आणि ड्रायव्हरची सही घ्यायची, संपलं काम. पण रविवारी सकाळी यांना बघाल तर वाटेल, हा माणूस जन्मला तोच हातात प्लगपाना घेऊन.

मी यशोधरा. घरी शिलाई करते, ब्लाऊज आणि शाळेचे युनिफॉर्म. मी सांगेन ते जरा तिखट लागेल, पण सात वर्षं माझ्या स्वयंपाकघरात पेट्रोलचा वास मी सहन केलाय, तेव्हा तेवढा हक्क मला आहे.

गाडी आली दोन हजार साली. कारखान्यातले एक साहेब बदली होऊन गेले, त्यांची जुनी मारुती आठशे यांनी घेतली. पांढरी, दारावर एक लांबलचक ओरखडा. यांनी ड्रायव्हिंगचा क्लास लावला, लायसन काढलं, बिल्डिंगच्या मागे आंब्याखाली गाडी लावली, तिला निळं कव्हर शिवून घेतलं, अर्थात माझ्याकडूनच आणि फुकट, आणि महिना व्हायच्या आत एका रविवारी तिचे प्लग काढले. तेव्हापासून जे काढायला लागले ते काढतच राहिले.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते. प्लग म्हणजे बोटाएवढी चिनीमातीची एक वस्तू, तिचं लोखंडी टोक इंजिनच्या आत जातं. त्या टोकाशी ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं आणि गाडी चालते. टोकावर काजळी धरली की ठिणगी नीट पडत नाही. आमच्या गाडीला असे तीन. हे मला कुणी शिकवलं नाही, ऐकून ऐकून पाठ झालंय.

रविवारी चहा झाला की हॉलमध्ये जुना पेपर अंथरायचा. त्यावर तीन प्लग ओळीनं. माझ्या आमटीच्या वाटीत पेट्रोल. त्यात प्लग भिजत घालायचे, मग जुन्या टूथब्रशनं घासायचे, मग पॉलिश पेपर मारायचा, मग अर्धं ब्लेड घालून टोकाची फट बघायची, आणि शेवटी माझ्या भाकरीच्या चिमट्यात धरून गॅसवर भाजायचे. हो, गॅसवर. एका शेगडीवर माझी भाजी आणि दुसरीवर यांचा प्लग, पापडासारखा उलटसुलट. पेट्रोलची वाटी आधी गॅलरीत नेऊन ठेवा म्हणून मी ओरडायचे, नाहीतर कधीच आमचं भरीत झालं असतं. टोक लाल झालं की हे म्हणायचे, "आता बघ ठिणगी कशी निळी पडते." ती निळी ठिणगी घरात कुणी कधी पाहिली नाही.

प्लग बघून इंजिनची तब्येत कळते असं यांचं म्हणणं. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर तब्येत ठणठणीत. काळं आणि कोरडं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक असेल तर इंजिन तापतंय. शेजारपाजारची माणसं आपल्या स्कूटरचे प्लग फडक्यात गुंडाळून आणायची आणि हे चष्मा कपाळावर चढवून, प्लग उजेडात धरून नुसतं हं म्हणायचे. माणसांनाही तेच लावायचे. आमच्या जिन्यातल्या रंजनाचा नवरा जरा तापट आहे, तर म्हणे, "त्याचं पेट्रोल जास्त होतंय." माझ्याबद्दल काय म्हणायचे ते मी विचारलं नाही, घरात शांतता हवी होती.

आता एवढी निगा राखलेली गाडी धावत किती असेल? आंब्याखालून गल्लीच्या तोंडापर्यंत, तिथून पाण्याच्या टाकीला वळसा, आणि परत आंब्याखाली. तेही पहाटे, रस्त्यावर कुत्री उठायच्या आधी. स्टेशनला नाही, अंबरनाथला नाही, आणि उल्हासनगरला कपडा आणायला तर मुळीच नाही. कापडाचे तागे मांडीवर घेऊन मी रिक्षातून यायचे, आणि आमची गाडी निळं झबलं घालून आंब्याखाली बसलेली असायची. कुठे जाऊया म्हटलं की उत्तर तयार. प्लग काळे झालेत.

पहिली दोन वर्षं मला यात काही वावगं वाटलं नाही. भोळी होते. म्हटलं जुनी गाडी आहे, होत असतील काळे. मग हळूहळू ध्यानात आलं की हे प्लग नेमके माझ्या माहेरचं नाव काढलं की काळे होतात.

माझं माहेर बारवी धरणाच्या अंगाला. बदलापूर गावातून पुढे निघालं की जंगलातला रस्ता, मग भातखाचरं, मग एक चढ, आणि त्या चढावर आमचं गाव. लांब नाही हो. पण भावानं घर बांधलं तेव्हा प्लग काळे. भाचीची हळद, प्लग काळे. चौदा एप्रिलची जयंती दर वर्षी येते, कॅलेंडरात छापलेली असते, तरी प्लग ऐन तेराला काळे. मग आम्ही आपले वडापच्या जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन जायचो. आणि उतरल्याबरोबर, कुणी विचारायच्या आधीच, हे सांगायचे, "गाडीच आणणार होतो, पण प्लग काळे झालेत."

याचा त्रास मला नव्हता एवढा, जेवढा माझ्या आईला होता. आई म्हणजे भिमाबाई. जन्मभर लोकांच्या खाचरात लावण्या केल्या, अंगठ्याला चिखलाची भेग आहे ती अजून भरली नाही. जावयानं गाडी घेतली हे कळलं त्या दिवशी तिनं गावात घरोघरी जाऊन सांगितलं होतं. आमची गाडी हाय, पांढरी. येईल तेव्हा समद्यांना बसवीन. आणि गाडी काही आली नाही. एक वर्ष, दोन वर्षं, पुढे लोकांना वाटायला लागलं की गाडी नाहीच, म्हातारीनं थाप मारली.

गावाच्या वरच्या टोकाला नाका, तिथे बारकूचं चहाचं दुकान. बारकू माझ्याहून थोडा मोठा, जीभ मात्र शाळेतल्या पोराची. चढावर धूळ उडाली की तो हाक मारायचा, "भिमामावशी, गाडी आली गं तुजी." आणि धुळीतून निघायचा दुधाचा टेम्पो. पुढे पुढे तर गावात म्हणच रूढ झाली. जे लग्न ठरता ठरत नाही ते भिमाबाईची गाडी. धरण उशाशी असून जो नळ दर निवडणुकीला येतो म्हणतात, तो नळही भिमाबाईची गाडी. आई सगळ्यांना एकच उत्तर द्यायची, अगदी ठासून. "गाडी हाय. पन पलग काळं झालंय." पलग म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. जावयानं सांगितलं म्हणजे असणारच, एवढंच.

एकदा मी तिच्या डोक्याला तेल लावून देत होते तेव्हा ती हळूच म्हणाली, "यशे, मला लांब नको नेऊस. घरापासनं नाक्यापतुर नेलंस तरी फुरं. बारकूच्या दुकानाम्होरनं गेली पायजे. मग ठेवा ती गाडी कुठं ठेवायची तिथं." गुडघे गेले होते तिचे तोवर. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन मी यांना सांगितलं, तर यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी प्लग काढले.

दोन हजार सातच्या दसऱ्याला आमचा विक्रांत घरी आला. विक्रांत आमचा मुलगा, पुण्याकडे गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत लागला होता. सगळ्यांसाठी काही ना काही आणलं, आणि वडिलांच्या हातात ठेवली तीन छोटी खोकी.

"पप्पा, इरिडियमचे प्लग."

यांनी एक प्लग काढून उजेडात धरला. मी पण वाकून बघितलं. जुन्या प्लगचं टोक चांगलं दांडगं असायचं, तांदळाच्या दाण्यासारखं. याचं टोक माझ्या शिलाईच्या सुईएवढं. मला वाटलं दुकानदारानं फसवलं.

"एवढंसं?" हे म्हणाले.

"तीच तर गंमत आहे. टोक जितकं बारीक तितकी ठिणगी लवकर उडी मारते. पण बारीक टोक साध्या धातूचं केलं तर जळून जाईल. म्हणून इरिडियम. भयंकर कडक धातू, झिजतच नाही लवकर. मधे प्लॅटिनमचे आले होते, हे त्याच्याही पुढचे. काजळी धरायचं प्रमाण पण कमी. आणि कार्बोरेटर मी उद्या सेट करून देतो, म्हणजे उरलीसुरली पण धरणार नाही."

"मग साफ कधी करायचे?"

"करायचेच नाहीत. पॉलिश पेपर लावायचा नाही, टोक तुटेल. गॅसवर धरायचे नाहीत. फट कंपनीतूनच बरोबर येते, ब्लेड घालायचं नाही. लाखभर किलोमीटर विसरून जायचं असं कंपन्या म्हणतात."

आमची गाडी ज्या हिशोबानं पाण्याच्या टाकीला वळसा घालत होती, त्या हिशोबानं लाख किलोमीटर व्हायला विक्रांतच्या नातवाला पेन्शन लागली असती. घरात सगळ्यांना आनंद झाला. मला तर इतका झाला की मी लगेच आमटीची वाटी घासून कपाटात ठेवली. एकट्या यांचाच चेहरा उतरला होता. मला वाटलं, विरंगुळा गेला बिचाऱ्यांचा.

विक्रांतनं गाडी अशी काही लावून दिली की किल्ली फिरवायचा अवकाश, सुरू. टायर बघितले, बॅटरी बघितली, आणि वडिलांकडून शब्द घेऊन गेला की प्लगला हात लावणार नाही.

पुढचा रविवार. चहा झाला. हे पेपर अंथरून बसले, पण पेपरवर ठेवायला काही नाही. मी रंजनाकडे ब्लाऊज द्यायला गेले आणि येऊन बघते तर काय, यांनी माझा नॉनस्टिकचा तवा पॉलिश पेपरनं घासून लख्ख पांढरा केला होता. आमच्या प्रीतीनं, म्हणजे लेकीनं, गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला विक्रांतकडून वसूल केलेला तवा, तिनं हौसेनं मला दिलेला. "कसली काजळी बसली होती," हे म्हणाले, "तळापर्यंत होती." त्यानंतर गॅसचा लायटर खोलला, तो पुन्हा जोडला गेला नाही. मग माझ्या शिलाई मशीनकडे नजर वळवली, तेव्हा मात्र मी कात्री हातात घेतली.

त्याच दुपारी मी जाहीर केलं. "आता प्लग काळे होत नाहीत ना? मग येत्या रविवारी माहेरी जायचं. गाडीनं." हे म्हणाले टायर. म्हटलं विक्रांतनं बघितलेत. म्हणाले बॅटरी. म्हटलं तीही. म्हणाले, "आभाळ भरून येतंय." मी खिडकीतून बघितलं, आभाळ कोरडं ठणठणीत. मग मी भावाला फोन लावला आणि यांच्यादेखत सांगितलं, आईला सांग, रविवारी गाडी येते.

रविवारी सकाळी आंघोळ करून मी वंदनेला बसायला हॉलमध्ये आले. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो यांच्यासमोर आम्ही रोज मेणबत्ती लावतो. ती आज आधीच लागलेली होती. म्हटलं वा, आज यांनी लावली. जवळ गेले तर हे पाटावर बसलेले, माझ्या भाकरीचा चिमटा हातात, चिमट्यात इरिडियमचा प्लग, आणि तो प्लग मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलेला. सात वर्षं ज्यानं प्लगची काजळी काढली तो माणूस बुद्धासमोर बसून प्लगला काजळी लावत होता.

यांनी मागे वळून बघितलं. प्लग जेमतेम राखाडी झाला होता. खरं सांगते, आधी मला हसू आलं. मग असा संताप आला की विचारू नका.

"खोटं बोलणार नाही हे चौथं शील रोज म्हणता ना इथेच बसून?"

यांनी चिमटा खाली ठेवला आणि म्हणाले, "मला भीती वाटते गं."

"कशाची? माझ्या आईची?"

"गाडीची."

आणि मग सगळं बाहेर आलं. गाडी घेतली त्या पहिल्या महिन्यात हे एकटेच स्टेशनकडे निघाले होते. पुलाच्या चढावर पुढची रिक्षा थांबली, यांनीही थांबवली, आणि पुन्हा निघताना क्लचवरचा पाय एकदम सुटला. गाडी बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा गाडी मागे घरंगळली आणि केळीवाल्याच्या हातगाडीला लागली. मागे टेम्पो, रिक्षा, सगळे हॉर्न मारतायत, शिव्या देतायत, पोरं जमली, कुणी म्हणतंय लायसन कुणी दिलं याला. यांचे हात स्टिअरिंगवरून निघेनात. तेवढ्यात गर्दीतला कुणी एक म्हातारा खिडकीशी आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे साहेबांची काय चूक, प्लग काळे झाले असतील." लगेच सगळ्यांचा सूर बदलला. प्लग काय, मग होतं असं. चौघांनी ढकलून गाडी बाजूला लावून दिली, एकानं यांना पाणी दिलं.

"तो म्हातारा कोण होता मला माहीत नाही," हे म्हणाले. "पण त्या दिवशी त्यानं मला वाचवलं. घरी आलो आणि खरंच प्लग काढले. बघितलं तर बिस्किटाच्या रंगाचे होते."

सात वर्षं या माणसानं स्वच्छ प्लग धुतले, घासले आणि भाजले. माझ्या आईला गावानं हसून घेतलं, ते या केळ्यांपायी. मी यांना बोलायचं ते सगळं बोलले, ते इथे सांगत नाही. शेवटी यांनी एवढंच म्हटलं, "विक्रांतला सांगू नको."

त्या दिवशी आम्ही जीपनंच गेलो. घराशी आलो तर आई ओट्यावर बसली होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, केस विंचरलेले, मांडीवर पिशवी. सकाळपासून बसली होती म्हणे. आमच्या मागे तिनं रस्त्याकडे बघितलं, आणि आत जाऊन लुगडं बदललं. परतीची जीप पकडायला नाक्यावर आलो तर बारकू वाटच बघत होता. "काय पाव्हनं, पलग?" आणि हे मान खाली घालून हो म्हणाले.

परत येताना जीपमध्ये मी मनाशी ठरवून टाकलं. हेंद्रेपाड्याला उतरल्यावर म्हटलं, "मी शिकते."

"काय?"

"गाडी. तुम्हाला भीती वाटते, मला वाटत नाही. उद्याच नाव घालते."

हे हसले नाहीत, हे त्यांचं नशीब.

क्लासवाला हेमंत, विक्रांतच्या वयाचा. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "काकी, काका कुठेत?" त्याला वाटलं मी कुणाचं तरी नाव घालायला आलेय. पण शिलाई मशीनवर ज्यांनी जन्म घालवला त्यांच्या पायांना आपोआप अक्कल असते. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, धागा तुटू न देता. गिअरचा मला त्रास झाला, रिक्षावाल्यांचा झाला, क्लचचा नाही झाला. आणि गंमत म्हणजे घरी हे माझे गुरुजी झाले. स्वतः चालवायचं नसलं की माणूस किती छान शिकवतो. स्वयंपाकघरात मला स्टुलावर बसवून हातात ताट द्यायचे, पायाखाली मशीनचं पायडल, आणि समोर उभे राहून म्हणायचे, "चढ आहे. पुढे रिक्षा थांबली. काय करशील?" मी म्हणायचे, हँडब्रेक. "मग?" मग ॲक्सिलेटर, आणि पाय हळूहळू सोडायचा. "घाई?" नाही करायची. हा चढ आम्ही हिवाळाभर चढलो. त्यातला प्रत्येक शब्द यांनी त्या पुलावर स्वतःला हजार वेळा सांगितला असणार, हे माझ्या लक्षात यायचं आणि राग थोडा थोडा उतरायचा.

लायसन मिळालं. आणि चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, निळं झबलं काढून आम्ही निघालो. विक्रांत सुट्टी काढून आला होता. त्याला मी सांगितलं, पप्पांचे डोळे हल्ली दुखतात, म्हणून मी चालवते. तो मागे बसला. हे माझ्या शेजारी, मांडीवर प्लगपाना. कशाला घेतलाय म्हटलं तर म्हणाले, असू दे. जंगलातला रस्ता झाला, खाचरं झाली, गावाचा चढ मी एका दमात चढले आणि आईच्या दाराशी गाडी उभी केली.

आई बाहेर आली. पांढरं लुगडं. गाडीभोवती एक फेरी मारली, ओरखड्यावर हात फिरवला. मग स्टिअरिंगसमोर मी बसलेय हे तिला दिसलं.

"तू हाकनार?"

"मी."

"मग तर लइ ब्येस," म्हणाली, आणि पुढच्या सीटवर चढून बसली. हे मागे विक्रांतजवळ गेले. काच खाली करून घेतली तिनं, आणि कोपर बाहेर काढलं. ते कुठे बघितलं होतं कुणास ठाऊक.

घरापासून नाका वरच्या अंगाला आहे, शेवटी एक खडा चढ, आणि चढाच्या डोक्यावर बारकूचं दुकान. जयंतीचा दिवस, मिरवणूक सुटलेली, सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत तिथेच उभं. आमची गाडी चढाला लागली तसं एकेक तोंड वळायला लागलं. कुणीतरी म्हणालं, अरे भिमाबाईची गाडी. बारकू किटली हातात घेऊन दुकानाबाहेर आला. आई सरळ समोर बघत होती, हनुवटी वर. मी पण तिच्याकडे बघितलं, एवढीशी नजर, आणि तेवढ्यात एक शेळी आडवी आली. ब्रेक दाबला, आणि क्लचवरचा पाय सुटला.

गाडी बंद. बारकूच्या दुकानाच्या जरा अलीकडे, चढावर, सगळ्या गावासमक्ष.

मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, गचका बसला, पुन्हा बंद. आणि हातभर मागे घरंगळली. हँडब्रेक ओढला, पण पाय ऐकेनात, माझे, मशीनवर जन्म काढलेले. कुणीतरी फिसकन हसलं. मागून आवाज आला, बाई चालवतेय रे, मग काय होनार. आईनं कोपर आत घेतलं. माझे हात स्टिअरिंगवर घट्ट बसले, आणि त्या क्षणी मला पुलावरचे हे दिसले.

मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. हे उतरले. एका हातात प्लगपाना, दुसऱ्या हातात रुमाल. चष्मा कपाळावर चढवला, बॉनेट उघडलं, आणि वाकून आत बघून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "हं. तिची काही चूक नाही. प्लग काळे झालेत."

"पप्पा, पण ते इरिडिय..." विक्रांत मागून बोलायला लागला. मी आरशातून त्याच्याकडे असे डोळे वटारले की पोरानं तोंड मिटलं.

यांनी एक प्लग काढला. उजेडात धरला, फुंकला, रुमालानं पुसला, पुन्हा फुंकला, आणि परत बसवला. गावातले जाणते चेहरे माना हलवत होते. प्लग म्हणजे काय, होतं असं. बारकू तर किटली खाली ठेवून जवळ आला आणि म्हणाला, "रावसाहेब, धक्का देऊ का?" हे म्हणाले, "नको. आता धावेल."

मग माझ्या खिडकीशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "हँडब्रेक आहे. ॲक्सिलेटर. पाय हळूहळू. घाई नाही."

मी घाई केली नाही. गाडी उठली आणि चढली.

दुकानासमोर आईनं मला थांबायला लावलं. कोपर पुन्हा बाहेर आलं. "बारक्या," ती म्हणाली, "बगितलंस? सात वरसं वरडून सांगतेय, गाडी हाय, पन पलग काळं होतंय. आता डोळ्यानं बगितलंस का नाय?"

"बगितलं मावशी," बारकू म्हणाला, आणि खाली ठेवलेली किटली उचलली.

हे मागच्या सीटवर येऊन बसले. मी आरशात बघितलं. मांडीवर रुमाल होता, पांढराशुभ्र, एक डाग नाही त्याच्यावर. यांनी तो विक्रांतच्या नजरेआड घडी घातला आणि खिशात ठेवून दिला.